जासिंतबाबांच्या फितीतला आवाज

जासिंतबाब हे माझे शेजारी. मालवणात त्यांचे घर आणि आमचे घर यांच्यामध्ये फक्त एक कुंपण आहे. मी मासे सुकवून विकते. एकसष्टाव्या वर्षी प्रौढ वर्गात अक्षरे शिकले, म्हणून त्यांच्याविषयी लिहू शकते.

जासिंतबाब बोटीवर स्वयंपाकी होते. सन १९८३ मध्ये त्यांनी बोटीवरच्या एका अधिकाऱ्याकडून जुना सिनेमाचा कॅमेरा विकत घेतला. फीत बोटाएवढीही रुंद नव्हती, परंतु त्या कॅमेऱ्यात चित्राबरोबर आवाजही उतरत असे. पुन्हा बोटीवर जाण्यापूर्वी त्यांनी अंगणात एकच रीळ उतरवले. त्यांची पत्नी तेरेझा सहा महिन्यांच्या डेलिशाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने वाटीतला नारळाचा रस मुलीच्या कपाळाला लावला आणि हसत तिला काही म्हटले. त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला रस लावतात. त्याला रोस म्हणतात, आणि त्या वेळी आई आशीर्वाद देते. तेरेझाने तेच खेळात केले होते.

दोन वर्षांनी तेरेझा तापाने वारली. जासिंतबाबांकडे फीत दाखवण्याचे मशीन होते, पण ते मुके. आवाजाचे मशीन फार महाग होते. त्यामुळे डेलिशाने आईचे ओठ हलताना अनेक वेळा पाहिले, पण आठवतही नसलेला तिचा आवाज फितीतून एकदाही ऐकला नाही.

एकदा जासिंतबाबांनी मला फीत उजेडात धरून दाखवली. कडेला एक तपकिरी पट्टी होती, कॅसेटच्या फितीसारखी.

"आवाज हय आसा," ते म्हणाले. "चित्राच्या बाजूक नाय, अठरा चित्रां फुडे."

"फुडे कित्याक? तेरेझाक घाई होती काय?"

ते हसले. "दिव्यासमोर चित्र थांबान थांबान जाता, म्हणान डोळ्यांक दिसता. कानाक तसा चलना नाय. फीत एकसारखी सरकाक व्हयी. म्हणान आवाजाची जागा फुडे."

सन २००७ च्या जानेवारीत डेलिशाचे लग्न ठरले. नवरा मुलगा रॉयडन म्हापशाचा. त्याने एका वारलेल्या खलाशाच्या घरातून आवाजाचे मशीन मिळवले आणि लग्नाच्या आठ दिवस आधी पाठवून दिले. डेलिशा मला म्हणाली, "मावशी, माझ्या रोसाक मम्मी बोलतली. बाकी कोणी आशीर्वाद नाय दिल्यान तरी चलात."

रोसाच्या दोन दिवस आधी जासिंतबाबांनी माळ्यावरून डबा काढला आणि मला हाक मारली. झाकण उघडताच आंबट वास नाकात शिरला. डब्याशेजारी माडाच्या व्हिनेगरची बरणी होती. त्यांच्या स्वयंपाकात ते नेहमी लागते.

"बरणी पाझारली गो. आता?"

"वास इलो म्हणजे दमट झाला. उनात घाला," मी म्हटले.

हा सल्ला माझा होता, हे लिहिणे मला भाग आहे. आमच्याकडे वास धरलेली प्रत्येक वस्तू उन्हात जाते, आणि ऊन तिला बरे करते. मला दुसरे काही ठाऊक नव्हते. जासिंतबाबांनी फीत उलगडली. मी बोंबील घालण्याच्या दोऱ्या धुऊन पुसून दिल्या. पन्नास फूट फीत आम्ही दोघांनी हळूहळू टांगली आणि दुपारभर कावळे हाकत बसलो.

"तुझे बोंबील बरे," ते मला म्हणाले. "तेंका बोलूचा नसता."

संध्याकाळी फीत उतरवली तेव्हा वास कमी झाला नव्हता. फीत पन्हाळीसारखी वळली होती. ती गुंडाळताना जासिंतबाबांच्या बोटांत तपकिरी धागा येऊ लागला. आधी वीतभर, नंतर हातभर. त्यांनी गुंडाळणे थांबवले. मग अगदी सावकाश पुन्हा सुरू केले. धागा तरीही सुटत राहिला. काही ठिकाणी त्याची भुकटी होऊन लुंगीवर पडली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या एसटीने कसालला एका फोटोवाल्याकडे गेले. त्याने वास घेऊन सांगितले की बरणीचा काही दोष नाही, अशी फीत जुनी झाली की स्वतःच आंबते. ती थंड जागी ठेवायची असते. उष्णतेने ती आणखी बिघडते आणि पट्टी सुटते. सुटलेली पट्टी परत चिकटवणारा माणूस त्याला माहीत नव्हता.

जासिंतबाबांनी डेलिशाला काही सांगितले नाही. सांगेन म्हणून दोन वेळा तिच्या खोलीपर्यंत गेले आणि परत आले. मीही सांगितले नाही.

रोसाच्या संध्याकाळी भिंतीला पांढरी चादर लावली होती. डेलिशा स्टुलावर बसली. मशीन सुरू झाले. चादरीवर तेरेझा आली, वाटीत बोटे बुडवली, मुलीच्या कपाळाला लावली. ओठ हलले. मशीनमधून खरखर आली. मध्ये एकदा "ओ" किंवा "गो" असे काही वाटले, तेवढेच.

"आवाज मोठो करा, पप्पा."

"मोठोच आसा."

मग त्यांनी सर्वांसमोर सगळे सांगितले. माझे नाव घेतले नाही. मीच उभी राहून म्हटले, "सल्लो माझो होतो गो, बाय."

डेलिशा माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते. तिने वडिलांना विचारले, "तुम्ही थंय होतात. मम्मी काय बोलली, तां तुम्ही सांगा."

जासिंतबाबांनी मशीन बंद केले.

"कॅमेऱ्यार आवाजाचो काटो होतो," ते म्हणाले. "तो तांबड्यात गेलो तर आवाज फाटता. मी काट्याकडेच बघत होतंय. तिचो आवाज बरो उतारता, इतक्यांच माका कळला. शब्द... मागीर घरात बसान आयकूया म्हटलंय."

 रसाच्या वाट्या घेतलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांच्यात वयाने मोठी असलेली एक बाई पुढे झाली आणि तिने डेलिशाच्या केसांवर रस ओतला. बायकांनी गाणे धरले. जासिंतबाबांनी फीत परत गुंडाळून पुन्हा लावली. तेरेझा पुन्हा हसली, पुन्हा काही म्हणाली. ते मशीनवर वाकून, कान जवळ नेऊन ऐकत होते. गाणाऱ्या बायकांना त्यांनी हाताने थोडे हळू गाण्याची खूण केली.