लिफ्टमावशींचा डोंगर

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये एका कोपऱ्यात गोल स्टूल होतं आणि त्या स्टुलावर लिफ्टमावशी बसत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी कुणी पुकारलं, तर त्याही क्षणभर इकडेतिकडे बघत. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या लिफ्टमावशीच. लिफ्ट जुनी होती, जाळीच्या दाराची. दार ओढताना जरा उचलून ओढावं लागे, नाहीतर ते हटून बसे आणि मग मावशींनी समजूत घातल्याशिवाय हलत नसे. मजला आला की मावशी खणखणीत आवाजात सांगत, "दुसरा मजला! रक्त, लघवी, एक्स-रे! आजोबा, काठी आत घ्या. दाराला ती आवडत नाही."

मावशींची एक खोड होती. फाटकापाशी कुणी घाईने येताना दिसलं, की त्या दार लावत नसत. आत सर्जन उभे असोत, नाहीतर खुद्द अधीक्षक असोत. "येऊ द्या त्यांना. दम लागलाय बिचाऱ्यांना," असं म्हणून त्या जाळीला हात लावून उभ्या राहत. मागे एकदा चाकाच्या खुर्च्यांसाठी पैसे जमवायला इस्पितळाने लांब पल्ल्याची पदयात्रा ठेवली होती. त्यात मावशी शेवटच्या आल्या. पाय दमले म्हणून नव्हे. जो मागे पडेल त्याच्या सोबतीला त्या थांबत गेल्या, आणि तो सावरून पुढे गेला की पुढच्या मागे पडलेल्यासाठी पुन्हा थांबल्या. त्या पोचल्या तेव्हा पाणी वाटणारे टेबल घडी करून निघाले होते.

सहाव्या मजल्यावर, अगदी वर, मुलांचा वॉर्ड होता. रात्री आईबापांना आत झोपू देत नसत, म्हणून ते लिफ्टसमोरच्या फरशीवर पडून राहत. सकाळच्या पहिल्या फेरीला मावशी दार निम्मंच उघडत आणि हळू म्हणत, "पाय घ्या हं." एकदा एक बाप नुसताच लिफ्टमध्ये शिरला. वर गेला, खाली आला, परत वर गेला. मावशींनी विचारलं, "कुठे जायचंय, दादा?" तो म्हणाला, "कुठेच नाही. जरा टेकायचं होतं." मावशी उठल्या, त्याला स्टूल दिलं आणि दुपारपर्यंत उभ्यानेच लिफ्ट चालवली.

वॉर्डाच्या शेजारी एक खोली रिकामी पडली होती. या आईबापांना झोपायला ती द्या, असं मावशींनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, खोली घ्या, पण खाटा, गाद्या आणि न्हाणीघर यांसाठी आमच्याकडे पैसे नाहीत. तेवढ्यात फलकावर एका गिर्यारोहण मंडळाची सूचना लागली: डोंगर चढा आणि आपल्या आवडीच्या कामासाठी लोकांकडून देणग्या घ्या. मेट्रनबाईंनी ती वाचून दाखवली आणि मावशी म्हणाल्या, "माझं नाव घाला."

घरी यजमान पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "त्या डोंगरावर आहे काय?"

"काही नाही. टोक आहे."

"मग तिथे जाऊन करायचं काय?"

"खाली यायचं."

"अगं, ते तर तू रोज करतेस! आणि वर पगार मिळतो."

"अहो, रोज मी बसून जाते. या खेपेला चालून जाईन, एवढाच फरक."

"गुडघे काय म्हणतात?"

"त्यांना अजून सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सरावाला सुरुवात झाली. सुनेचे खेळाचे बूट दोन मोजे चढवून पायात बसवले आणि जेवणाच्या सुटीत मावशी इस्पितळाचा जिना चढू लागल्या. आता लिफ्टमावशीच जिन्याने निघालेल्या पाहून लोकांनी काय समजावं? बातमी पसरली की लिफ्ट बिघडली. पाठोपाठ माणसं जिन्याने चढू लागली. एक हाडांचे डॉक्टर धापा टाकत चौथ्या मजल्यावर मावशींना गाठून म्हणाले, "कधीपर्यंत दुरुस्त होईल?"

"काय?"

"लिफ्ट!"

"लिफ्ट चांगली आहे की. बदलीवाला बसलाय आत, एकटाच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण पुढे चार दिवस झाले तरी जिना भरलेला आणि लिफ्ट मोकळी. अखेर मेट्रनबाईंनी मावशींना पाठीवर पाटी लावायला लावली: 'लिफ्ट चालू आहे. मी सराव करते आहे.'

देणग्या येऊ लागल्या, पण चिल्लर. खोलीचा खर्च त्यात कुठला भागतोय! आणि अशा वेळी उपाहारगृहात स्टोअरवाले भाऊ हसले.

हे भाऊ म्हणजे इस्पितळाचं भांडार सांभाळणारे. बसायचे तळघरात. माणूस कवडीचा अपहार न करणारा, पण देताना हात आखडता. त्यांचा एकच नियम: नवं हवं असेल तर जुनं दाखवा. दिवा गेला? गेलेला दिवा दाखवा. कात्री मोडली? दोन्ही तुकडे आणा. सगळे त्यांना 'जुनंदाखवा भाऊ' म्हणत. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. मुलीला मुलगा झाला हेही त्यांनी फोनवर मानलं नाही, रविवारची गाडी पकडून बघायला गेले.

"मावशी," भाऊ चहाच्या कपातून म्हणाले, "तुम्ही त्या टोकावर पोचलात, तर माझी साठलेली सगळी रजा विकून येतील ते पैसे तुमच्या खोलीला."

भाऊंनी आयुष्यात रजा घेतली नव्हती. उपाहारगृहात चमचे वाजायचे थांबले.

"फिरणार नाही ना?" मावशींनी विचारलं.

"मी फिरणाऱ्यातला नाही. पण मी कसं मानायचं तुम्ही पोचलात म्हणून? फोटोबिटो मी धरत नाही. हल्ली फोटोत काहीही दाखवतात."

मावशींना जोर चढला होता. "मग या की बघायला! स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तेव्हाच द्या. तोवर एक पैसा देऊ नका!"

हे बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. भाऊंना तळघराच्या पायऱ्या चढतानाही मध्ये थांबावं लागे, हे त्यांना ठाऊक होतं. पण चारचौघांत बोललेलं आता कसं गिळणार?

डोंगराच्या पायथ्याशी भाऊ आले ते ऑफिसच्या काळ्या बुटांत. मंडळाने बरोबर दिलेली वाटाडी एक काटक मुलगी होती, कमी बोलणारी. तिने बुटांकडे बघितलं.

"दुसरे नाहीत?"

"हे अजून फाटले नाहीत," भाऊ म्हणाले.

"दुपारी ढग येतात. माथ्याखालच्या खांद्यावर, त्या सपाटीवर, बारापर्यंत पोचलो नाही, तर परत फिरायचं. मग कितीही रडा." एवढं सांगून ती चालू लागली.

पहिल्या चढालाच भाऊ मागे पडले. मावशी थांबल्या. भाऊ आले, बसले, उठले, पुन्हा मागे पडले. मावशी पुन्हा थांबल्या. वाटाडी म्हणाली, "मावशी, तुमची चाल चांगली आहे. असं थांबत राहिलात तर आपण तिघंही इथूनच परत."

"त्यांना सोडून गेले तर बघणार कोण?"

"मग ओढा त्यांना!"

ओढणार कशा? मावशींनी जरा विचार केला आणि आपला नेहमीचा आवाज लावला. "पहिला मजला! बाह्यरुग्ण विभाग! पुढे चला, दारात उभं राहू नका!" भाऊ दचकून उठलेच. पुढच्या मोठ्या दगडाशी, "दुसरा मजला! रक्त, लघवी, एक्स-रे!" दोन मजल्यांच्या मध्ये भाऊ टेकायला लागले, की मावशी ओरडत, "मध्ये थांबायचं नाही! लिफ्ट मध्ये थांबली की माणसं घाबरतात!" वाटाडी पहिल्यांदाच हसली.

चौथ्या मजल्यावर भाऊंच्या उजव्या बुटाचा तळ जबडा उघडावा तसा उघडला. मावशींनी पिशवीतून बँडेजच्या पट्टीची गुंडाळी काढून बूट आवळून बांधला.

"ही पट्टी आपल्या स्टोअरची आहे," भाऊ गुंडाळी न्याहाळत म्हणाले. "तुम्हाला कुणी दिली?"

"मेट्रनबाईंनी."

"जुनी न दाखवता?"

"तुम्ही पाय सरळ ठेवा आधी!"

पण भाऊ काही उठेनात. खडकाला पाठ टेकून म्हणाले, "मावशी, माझ्याच्याने आता होत नाही. तुम्ही जा. मी इथे बसतो."

"इथून टोक दिसत नाही."

"नाही दिसत, खरं."

वाटाडी म्हणाली, "अहो, त्या पोचल्या की म्हणा बघितलं! कोण विचारायला येतंय?"

दोघांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती बिचारी बाटलीचं झाकण फिरवत बसली. न बघता बघितलं म्हणणं भाऊंना जमणारं नव्हतं, आणि मावशींना ते चालणारं नव्हतं. भाऊ खिन्न होऊन म्हणाले, "बाकी एक कळत नाही. नुसत्या गाद्याच हव्या होत्या, तर स्टोअरकडे का नाही मागितल्या? निदान सुरुवात झाली असती."

"मागितल्या होत्या. तुम्ही म्हणालात, जुन्या दाखवा."

"मग दाखवायच्या."

"जुन्या नव्हत्याच ना, भाऊ. म्हणून तर मागितल्या. फरशीवर झोपतात माणसं. फरशी काय उचलून आणू तळघरात?"

भाऊंनी बुटावरची पट्टीची गाठ ओढून बघितली. मग खडकाला धरून उठले आणि मावशींच्या पुढे चालू लागले. पाचव्या मजल्याला मावशींनी तोंड उघडलं, तर म्हणाले, "ओरडू नका. येतोय ना."

खांद्यावर पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. समोर माथा स्वच्छ दिसत होता आणि त्यावर एक लोखंडी खांब रोवलेला होता. वाट सरळ होती, पायऱ्यांसारखी. वाटाडीने आभाळ बघितलं. "एकच जण जाईल. खांबाला हात लावायचा आणि लगेच परत. काकांचा बूट गेलाय, मी यांच्यापाशी थांबते. इथून नीट दिसतं."

मावशी निघाल्या. भाऊ डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत राहिले, पापणीही लवू न देता. सुनेचे पांढरे बूट वर वर जात होते. खांब अगदी जवळ आला आणि तेवढ्यात पलीकडून ढग आला. आधी खांब गेला, मग मावशी गेल्या, मग डोंगरच गेला.

"छे छे छे!" भाऊ उठून उभे राहिले. "हलवा तो ढग कुणीतरी!"

पांढऱ्या अंधारातून खणखणीत आवाज आला, "सहावा मजला! मुलांचा वॉर्ड!"

थोड्या वेळाने मावशी ढगातून बाहेर आल्या त्या मान खाली घालून. भाऊंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खांबाला दोन्ही हात लावले, भाऊ. पण तुम्हाला दिसलं नसणार."

"नाही दिसलं."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बाहीने पुसलं. "असू दे. तुम्ही इतके चढलात तेच खूप. पुढच्या महिन्यात परत येऊ."

"कशाला?"

"म्हणजे? तुम्ही बघितलं नाहीत ना!"

भाऊ बुटाची पट्टी चाचपत म्हणाले, "मावशी, मी तळघरात बसतो. लिफ्टच्या उभ्या बोळातून तुमचा आवाज दिवसभर खाली येत असतो. तिसरा मजला, पाचवा मजला, सहावा मजला. इतकी वर्षं झाली, लिफ्ट खरंच तिथे आहे का, हे बघायला मी एकदाही वर आलो नाही. तुम्ही सहावा म्हणालात की मी धरून चालतो, सहावा." त्यांनी ढगाकडे बोट दाखवलं. "आत्ताही तुम्ही सहावा म्हणालात."

वाटाडी घाईने म्हणाली, "पुरे आता, उतरा! ढग खाली येतोय."

 मावशी भाऊंचा हात धरून उतरायला लागल्या. थोडं अंतर गेल्यावर भाऊ म्हणाले, "पैसे सोमवारी देतो. आणि मंगळवारी तो मजला मला दाखवा. किती गाद्या लागतील ते मला मोजूनच घ्यावं लागेल; त्याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही."

"या की. दार उघडं धरून ठेवते."

"फार वेळ धरू नका," भाऊ म्हणाले. "तळघरातून यायचं म्हणजे मला वेळ लागतो."