मयताची खुर्ची

"त्या खुर्चीत बसू नोको गा. थे मयताची हाय."

अकोल्याच्या कोर्टासमोरच्या त्या खोलीत मी पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा वकीलसाहेब मला हे म्हणाले. मृत्युपत्राचं भांडण घेऊन तुम्ही कधी त्यांच्याकडे गेला असाल, तर तुम्हीही हेच ऐकलं असेल. टेबलासमोर वेताची एक खुर्ची कायम रिकामी असे. पक्षकार उभा राहिला तरी चालेल, तिच्यात कुणी बसायचं नाही. कागद वाचून झाला की साहेब स्वतः उठून तिच्यात बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि डोळे मिटत.

"आता मी तुहा बाप. बोल माह्याशी."

कोर्टही हेच करतं, असं ते समजावत. लिहिणारा तर गेला. मग न्यायाधीश त्याच्या जागी बसून त्याचं घर, त्याची माणसं, त्याची बोली बघतो आणि त्या शब्दानं त्याला काय म्हणायचं होतं ते शोधतो. काहीच अर्थ लागला नाही, तर ते देणंच रद्द.

माझं भांडण एका शब्दाचं होतं. हिवरखेडला आमची दोन वावरं, एक विहिरीच्या पाण्यावरचं, एक नुसत्या पावसावरचं. बाबांनी लिहिलं होतं, 'ओलिताचं वावर थोरल्याले, कोरडवाहू धाकट्याले.' थोरला मी. ओलितातली विहीर मी शाळा सोडून बाबांबरोबर खणली. धाकटा शिकत राहिला. पुढे मी अमरावतीला राजापेठेत मोटारपंपांचं दुकान टाकलं, तेही कुणापुढे हात न पसरता. पण बापानं मला आपल्या हातानं दिलेलं असं ते एकच वावर.

मग पाऊस वर्षामागून वर्षं दगा देत गेला. जो तो बोअर खोल नेऊ लागला आणि आमची विहीर आटली. बाबा गेले तेव्हा तिच्या तळाशी बाभूळ उगवली होती. धाकट्याच्या वकिलानं कायदा काढला: मृत्युपत्रातलं वर्णन माणूस मेला त्या दिवशीच्या जमिनीला लावायचं. त्या दिवशी ओलित होतंच कुठं? म्हणजे दोन्ही वावरं कोरडवाहू, दोन्ही धाकट्याची.

मी टेबलावर मूठ आपटली. साहेब खुर्चीतून, डोळे मिटूनच म्हणाले, "वरडू नोको. तुहा बाप बहिरा नवता." त्यांनी तडजोड सुचवली, अर्धं-अर्धं. मी उभा जन्म घासाघीस केली आहे, पण बापाच्या शब्दावर घासाघीस करायला मी तयार नव्हतो.

धाकट्याची उलटतपासणी आली. साहेबांनी विहिरीचं नावही काढलं नाही. ओट्यावर बसून विचारावं तसं विचारलं, "काय गा बाप्पू, सकाळी निंगाला तवा बैलं कुठं बांधले?"

"ओलितात."

त्याच्या वकिलाची मान खाली गेली. साहेब हळूच म्हणाले, "ओलितात? तिथं तं पानी नाही."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "नाही. पन बाबा मरेपर्यंत त्याले ओलितच म्हनत."

निकाल माझ्या बाजूनं लागला. बाहेर व्हरांड्यात साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, तो धाकट्याच्या. म्हणाले, "खोटं बोलला नाही तू." माझं डोकं फिरलं. वकील माझा होता. आणि त्या वावरासाठी रक्त आटवलं होतं ते मी.

धाकट्यानं अपील केलं. आमच्या घरचं येणंजाणं तुटलं. वावर दोघांनाही पेरता येईना, त्यात आता गाजरगवत माजलंय. अपील सुनावणीला यायच्या आत साहेब गेले.

खोलीत आता नवा वकील बसतो. हुशार आहे, पण तिकडून पुण्याहून शिकून आलेला. त्यानं कागद वाचला, भुवया उंचावल्या.

"ओलित म्हणजे बागायतच ना? मग पाणी कुठंय?"

माझी नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"बसा ना," तो म्हणाला, आणि पायानं ती वेताची खुर्ची माझ्याकडे ढकलली.

मी उभाच राहिलो.