कावळा का शिवेना?

काय वाट लागली म्हणून सांगू माझी! हसा खुशाल, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड आहे, हे तुम्हाला ठाऊकच. आणि माझे फोटो कसे येतात, तेही! फांदी एकदम झकास, पक्षी धूसर. आमच्या ग्रुपचे सावंत सर शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, उभा राहून काय काढतोस? जमिनीवर आडवा हो. हलू नकोस. आणि फोकस डोळ्यावर!"

झालं! त्या रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या तलावाकाठी, हिरवे चट्टेपट्टे असलेले कपडे घालून मी झुडपात पोटावर आडवा. घाटाच्या पायरीपाशी स्वर्गीय नर्तक नावाचा पक्षी पाणी प्यायला येतो, असं कळलं होतं. पांढऱ्याशुभ्र फितींसारखी लांब शेपटी! आज त्याचा फोटो मिळाला नाही तर कॅमेरा कायमचा माळ्यावर टाकीन, असं बायकोला सांगून निघालो होतो.

नर्तकाच्या आधी आलं एक कुटुंब. आजोबांचं दहावं होतं. आजी, दोन मुलगे आणि भटजी. पायरीवर पिंड मांडले, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

उठून जावं का? पण सरांनी बजावलंय ना, हलायचं नाही!

समोरच्या झाडावर दहा-बारा कावळे. पण एक खाली उतरेल तर शपथ! थोरल्याने आईकडे बघत हात जोडले. "बाबानू, आवशीक मी सांभाळतलंय!" कावळे ढिम्म. "बाबानू, गावचा घर मी इकूचंय नाय!" तरी ढिम्मच.

आता मी पडलो पक्षीतज्ज्ञ! कावळे एवढे का घाबरलेत? नक्की जवळपास शिक्रा, म्हणजे पाखरं मारणारा शिकारी पक्षी, असणार! मग काय, मी लेन्स या झाडावरून त्या झाडावर फिरवायला लागलो. मी जितका शिक्रा शोधतोय, तितके कावळे लांब सरकतायत. तासभर हेच चाललं होतं. भटजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

इतक्यात आजी डोळे पुसत झुडपाकडे आल्या आणि थेट माझ्यासमोर उभ्या! मी कुजबुजलो, "आजी, शिक्रा आहे कुठेतरी. म्हणून कावळे येत नाहीयेत."

"शिकरो खंय? तूच तो!" त्याही कुजबुजल्या. "बंदूक रोखल्यासारखो पडलंस, कावळो येतलो कसो?"

अरे देवा! एका गेलेल्या माणसाचं जेवण मी तासभर अडवून धरलं होतं! "चुकलं आजी, उठतो लगेच…"

"उठू नको!" आजींनी हातानेच मला दाबलं. "थंयच पड. धाकटो अजून घराचा काय बोलूक नाय."

म्हणजे घर विकायचं धाकट्याच्या मनात होतं तर! आता आजींचा शब्द कसा मोडायचा? मी पडून राहिलो. लेन्स आणखी वीतभर बाहेर काढली!

धाकटा मुंबईतच वाढलेला. गावी अडकलेल्या काकांसाठी तो मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. शेवटी बिचारा रडवेला झाला. "नाही विकत घर, बाबा! आईशप्पथ! आता जेवा ना!"

आजींनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी लेन्स आत ओढली, तिला झाकण लावलं. क्षणात कावळा पिंडावर! सगळे रडले. मीही रडलो हो, अगदी मनापासून. ना ओळख ना पाळख, पण आपलंच कुणीतरी पोटभर जेवलं असं वाटलं.

मग आजींनी "हो फोटोवालो" म्हणून मला सगळ्यांपुढे उभं केलं. धाकट्याने मोबाईल माझ्या हातात दिला. "काका, तुम्हाला यातलं कळतं ना? जरा बघा."

बघतो तर काय! मी रुमालात तोंड खुपसून रडत होतो त्याच वेळचा व्हिडिओ. आणि पिंडाच्या ऐन समोर, दोन्ही फिती पसरून, डोळा कसा लख्ख, स्वर्गीय नर्तक!

"ऐन वेळी हा पांढऱ्या शेपटीचा मध्येच कडमडला," धाकटा म्हणाला, "कावळा दिसतच नाहीये. ह्याला पुसून द्याल का?"