अम्मीच्या फोनमधल्या पाच निळ्या चौकटी

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिची पाच ॲप आहेत. सगळी घरगुती माणसांसाठी. एक तारखा लक्षात ठेवणारं, एक फोटो जपणारं, एक बोलून टिपण करायचं, एक सामानाच्या यादीचं आणि एक तब्येतीचं, जे आमच्या कंपनीतही कुणी उघडत नाही. मी काम करते सांगलीतल्या फ्लॅटमध्ये बसून. मीटिंगमध्ये माझ्या खुर्चीमागची भिंत दिसते, म्हणून अख्ख्या फ्लॅटमधली तेवढीच भिंत मी रंगवून घेतली आहे. माझ्या कामाचं स्वरूप एवढ्यावरून लक्षात यावं.

मी डिझायनर आहे. गावी, कुंडलला, आमच्या गल्लीत विचाराल तर मी ‘मोबाईलमधली चित्रं काढते’. हे वर्णन पूर्वी मला फार लागायचं. हल्ली ते नेमकं वाटतं.

मी रुजू झाले तेव्हा ही पाच ॲप म्हणजे पाच सवतींचा संसार होता. प्रत्येक ॲप वेगळ्या माणसांनी केलेलं. तारखांचं जांभळं, फोटोंचं हळदीसारखं पिवळं, टिपणांचं पोपटी. जतन करायचं बटण एकात वर उजवीकडे, तर दुसऱ्यात खाली डावीकडे. तारखांचं ॲप आठवण करून द्यायचं ते शाळा सुटल्यासारखी घंटा बडवून. मला ते बघवायचं नाही. पाहुण्यारावळ्यांना मी कंपनीचं नाव छाती फुगवून सांगायची, ॲपची नावं मात्र गिळायची.

मग ही पाचही एकसारखी करायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या अंगात आलं. दोन वर्षं मी दुसरं काही बोलले नाही. निळ्याच्या बावीस छटा छापून भिंतीवर चिकटवल्या, अर्थात रंगवलेल्या भिंतीवर नाही. शेवटी निवडलेली छटा आणि तिच्या शेजारची छटा यांतला फरक आज मला सांगता येणार नाही, पण तेव्हा त्यावरून मी एका सहकाऱ्याशी चार दिवस अबोला धरला होता. चाळीस पानांचं नियमांचं पुस्तक लिहिलं. पाचही चिन्हं एकाच निळ्या चौकटीत, पांढऱ्या बारीक रेषेनं काढलेली. बटणं एकाच जागी. आवाजही एकच, मंजुळ ‘टिंग’. नियम तिसरा असा होता: ‘कोणत्याही ॲपला स्वतःचा वेगळा रंग असणार नाही. अपवाद मागणाऱ्याने आधी हे पुस्तक पुन्हा वाचावे.’ दुसरं वाक्य लिहून झाल्यावर मी उठून स्वतःला चहा करून दिला होता.

सादरीकरणाच्या शेवटी पडद्यावर पाच निळ्या चौकटी आल्या आणि मी म्हणाले, “हे आता एक कुटुंब आहे.” टाळ्या झाल्या. केक कापला, तोही निळा. माझ्या खऱ्या कुटुंबात ही ॲप रोज वापरणारं एकच माणूस होतं आणि त्या माणसाला मी दोन वर्षांत एक शब्द विचारला नव्हता.

ते माणूस म्हणजे माझी अम्मी. आम्ही मणेर, बांगड्या भरणारे. कुंडलला आमचं बांगड्यांचं दुकान आहे आणि अब्बा गेल्यापासून अम्मी ते एकटी चालवते. ती शाळेत गेली नाही. आकडे तिला येतात, कारण बांगडीचं माप आकड्यांत असतं, दोन-चार, दोन-सहा असं. अक्षरं येत नाहीत. अब्बा होते तोवर लग्नाच्या तारखा ते वहीत लिहायचे. ते गेल्यावर ती वही वाचून घ्यायला अम्मीला शेजारी जावं लागायचं आणि ते तिच्या जिवावर यायचं. शेजारणीच्या भाकरी थापून होईस्तोवर तिच्या दारात उभं राहायचं, वही हातात धरून.

म्हणून मीच एकदा तिच्या फोनवर आमची ती रंगीबेरंगी ॲप टाकून दिली, मनातल्या मनात लाजत. अम्मीनं ती आठ दिवसांत खिशात घातली. जांभळं उघडायचं, तारखेच्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि बोलायचं: कुणाचं घर, कितवी लेक, माप किती. पिवळ्यात नवरीच्या साडीचा फोटो, म्हणजे हिरव्या चुड्याशेजारच्या बांगड्यांचा रंग जुळवता येतो. घंटा बडवली गेली की पिशवी उचलायची आणि लग्नघर गाठायचं. त्यानंतर तीन वर्षं ती वही घेऊन कुणाच्या दारात उभी राहिली नाही.

आमच्या धंद्यात घरं ठरलेली असतात. ज्या घरात आजीला चुडा भरला, तिथल्या नातीलाही आमच्याच घरातल्या बाईनं भरायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी मणेरीण वेळेवर पोचली पाहिजे. मणेरणीची वाट बघत नवरी ताटकळली, तर ते घर पुढे दुसरी बघतं, आणि गेलेलं घर सहसा परत येत नाही. अम्मीच्या हातून असं एकही घर गेलं नव्हतं. तिची सगळी ऐट त्यात होती.

तर माझं निळं काम सगळ्यांच्या फोनवर आपोआप जाऊन पोचलं. दीडेक महिन्यानं कंपनीनं फर्मान काढलं की प्रत्येकानं एका खऱ्या ग्राहकाची मुलाखत घ्यावी. मी म्हटलं, ग्राहक तर घरचाच आहे. एसटीनं कुंडलला गेले, दुकानात स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि प्रश्न विचारायला लागले. एक ते पाचमध्ये किती समाधानी? एक ते पाचमध्ये किती सोपं? असे दहा प्रश्न होते. अम्मीनं दहाही वेळा पाच सांगितलं. मी खाली मान घालून आकडे भरत होते. दिसायला कसं वाटतं म्हटल्यावर ती म्हणाली, एकदम छान, आभाळासारखं. ते वाक्य मी अवतरणचिन्हांत टाकलं. अहवालाच्या पहिल्या पानावर ते कसं दिसेल, कुठल्या आकाराच्या अक्षरांत असावं, हेही मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात ओळखीची एक बाई लेकीला बांगड्या भरायला घेऊन आली. मला बघून म्हणाली, “हीच व्हय मोबाईलवाली?” मी विनयानं हसले. मग ती अम्मीकडे वळली. “आवं मावशी, वस्तीवरच्या त्या लग्नाचं लय वाईट वाटलं बगा. तुमी आलाच न्हाई. दुपार कलली तवा पलूसची मणेरीन बोलावली त्यांनी. नवरीची आजी म्हणत हुती, माझा चुडा हिच्या सासूनं भरल्याला.”

“चूक माजीच हाय,” अम्मी म्हणाली. “इसारले मी.”

अम्मी विसरत नाही. माझ्या सहावीतल्या शिक्षिकेच्या बांगडीचं माप तिला आजही तोंडपाठ आहे. मी लॅपटॉप मिटला. अम्मी पोरीचा हात दाबून, चोळून बांगडी चढवत होती. पोरीची आई विचारत होती, दुखतंय का गं, आणि पोरगी न्हाई न्हाई म्हणत होती. अम्मीनं तिच्याकडे एकदा बघितलं, अर्धी चढलेली बांगडी हळूच मागं घेतली आणि मोठ्या मापाची काढली.

त्या दोघी गेल्यावर मी विचारलं, काय झालं होतं. तिनं सांगितलं ते फार थोडं होतं. घंटा वाजलीच नाही. टिंग वाजलं. टिंग तर दिवसभर वाजत असतं. तरी तिनं फोन उघडला. एक निळं दाबलं, ते फोटोंचं निघालं. दुसरं दाबलं, ते सामानाच्या यादीचं. तिसरं दाबेपर्यंत दुकानात बायका आल्या आणि तिनं फोन ठेवून दिला. संध्याकाळी लग्नघरातून फोन आला, तोवर चुडा भरून झाला होता.

“मग दहा वेळा पाच का सांगितलंस?” मी जवळजवळ ओरडलेच.

घरात आम्ही दखनी उर्दू बोलतो. अम्मी मराठीत येते ती गिऱ्हाइकाशी बोलताना आणि रागावल्यावर. चाळीस वर्षं बायकांशी घासाघीस करून तिचा सगळा दारूगोळा मराठीत साठला आहे.

“दुखतंय का म्हणून इचारल्यावर कुठली पोरगी व्हय म्हणती गं?” ती म्हणाली. “ती आत्ताची तरी म्हणली का? आमी तोंड बगतो. तू येकदा तरी मान वर केलीस का?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “लेकीनं केलंय, लेकीनं केलंय म्हणून गावभर सांगून बसलीया मी. आता कुठल्या तोंडानं वाईट म्हणू?”

मला रडू आलं. लाज त्याहून जास्त वाटली. इतकी वर्षं लोकांच्या सोयीचा विचार करायचा मी पगार घेत होते, आणि माझ्या आईची ती ऐट माझ्या एका टिंगनं घालवली होती.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना फोन करून म्हटलं, रंग परत द्या, निदान तारखांच्या ॲपला तरी, आणि ती घंटाही. ते सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मग त्यांनी मला नियम तिसरा वाचून दाखवला, दुसऱ्या वाक्यासकट. मी आज्ञाधारकपणे पुस्तक पुन्हा वाचलं. उत्तम लिहिलं आहे, कुठे फट म्हणून ठेवलेली नाही. मागणीवर पुढच्या वर्षी विचार होईल असं मला कळवण्यात आलं.

तोवर अम्मीनं जुनी वही बाहेर काढली होती. शेजारी जाऊ नकोस, मी आहे ना, असं म्हणून मी ती सांगलीला घेऊन आले. आता तिच्याकडे कुणी लग्नाचं सांगितलं की ती मला फोन करते आणि मी ते वहीत लिहिते, पेननं, निळ्याच. रोज सकाळी कंपनीच्या मीटिंगआधी तिला फोन करून सांगते, आज कुणाचं घर, किती वाजता, माप काय. पाच ॲपचा संसार एका रांगेत लावणारी मी, स्वतःच सहावं ॲप होऊन बसले आहे. एकदा मीटिंग लांबली तेव्हा मीही उशिरा वाजले.

वस्तीवरचं ते घर परत आलं नाही. धाकट्या लेकीच्या लग्नालाही त्यांनी पलूसच्या मणेरणीलाच बोलावलं. हे मला अम्मीनं सांगितलं नाही, लेकीला घेऊन दुकानात आलेल्या त्या बाईनं सांगितलं. सकाळच्या फोनवर मी अम्मीला दखनीतच विचारलं, वाईट वाटतंय का.

“न्हाई,” ती मराठीत म्हणाली आणि फोन ठेवून दिला.