ड्युटीवाला जावई

सावलीजवळच्या एका खेड्यात मुखरू ढिवर राहायचा. मासे सारेच ढिवर मारत. मुखरूचं नाव होतं ते कोशासाठी, म्हणजे रानातल्या रेशमासाठी. पावसाळा सरत आला की तो जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या सोडायचा आणि कोसा उतरेपर्यंत चाळीस दिवस तिथंच झोपडीत मुक्काम ठोकायचा. तेवढे दिवस दाढी नाही, मासळी नाही, बायकोचं तोंड पाहणंही नाही. अळीला अळी म्हणायचं नाही, देव म्हणायचं. सोवळ्यात भटजीनं त्याच्याकडे शिकवणी लावावी, असा हा गडी! त्याचे देव कधी रुसले नव्हते, आणि त्याची घमेंड तो लपवतही नसे.

छप्पन सालच्या दिवाळीला तो कोसा घेऊन घरी आला, तो लेक मंगलीचं लग्न ठरवूनच. जंगलातला जोडीदार वारलू, त्याचा पोरगा पत्रू. विशीतच बापासारखं व्रत पाळणारा. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

मंगली म्हणाली, "बा, मले तो नोको. मले ड्युटीवाला पाहिजे."

मुखरूनं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. "धोतीवाला? अवो, पत्रूबी धोतरच नेसते ना!"

मंगलीला हसू फुटलं. मग तिनं समजावलं. तिची मैत्रीण कमळा उन्हाळ्यात बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीतल्या मजुराला दिली होती. ती पोळ्याला माहेरी येऊन सांगून गेली होती, की भोंगा वाजला की नवरा कामावर, भोंगा वाजला की घरी. त्यालाच ड्युटी म्हणतात. रोज दोघं मिळून चहा पितात.

मुखरू हादरलाच. "भोंग्यावर उठते-बसते तो मानूस का बैल? जमिनीच्या पोटात घुसते, आन् त्यात तुले सुख दिसून राह्यलं?"

"पत्रू वाईट नाई, बा. पन तो जंगलात बसंल आन् मी दाराकडं पाहत बसन. मी जलमली तवा तू कुठी होता?"

मंगली जन्मल्याचा निरोप आला होता, तरी मुखरू झाडाखालून हलला नव्हता. बाविसाव्या दिवशी त्यानं लेक पाहिली. ही गोष्ट तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे. आज तीच गोष्ट त्याच्या तोंडावर फेकली गेली, तीही पोटच्या पोरीकडून.

तो चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे वळला. "ऐकलं काय, मंगलीची माय? बिघडली तुही पोरगी. सांग तिले काई."

गुणाबाईनं आजवर नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ती भाकर उलटत म्हणाली, "काय सांगू? मले कोनी इचारलं असतं, तं मीबी हेच मांगलं असतं."

पोरीचं खूळ म्हणून सोडून देता आलं असतं. हिचं काय करायचं? "मंग इतके वर्सं काऊन नाई बोलली?"

"कवा बोलू? जंगलात बाईले येऊ देत नाई. आन् घरी आला का तू तुया देवायच्याच गोष्टी सांगत राह्यते."

दुसऱ्या दिवशी मुखरू वारलूच्या दारात गेला आणि त्यानं दिलेला शब्द परत मागितला. वारलूनं कारण विचारलं. मुखरूला खोटं सुचेना. खरं सांगायची लाज वाटली, तरी तो म्हणाला, "पोरीले ड्युटीवाला पाहिजे. आन् तिच्या मायलेबी तसाच पाहिजे होता."