छपराचं माप

आमच्या वहिनी शिवणकाम करतात, आणि शिवणकाम करणाऱ्या माणसाला एक वाईट खोड असते. कुठलीही गोष्ट टेपने मोजली की तिचा निकाल लागला, असं त्याला वाटतं. छपराचं मापही वहिनींनी तसंच घेतलं. कोटाची कॉलर मोजतात त्याच टेपने घराच्या तिन्ही खोल्यांची जमीन मोजली. टेपचं दुसरं टोक धरून मी पलंगाखाली आणि कपाटामागे रांगत होतो. धाकट्या दिराची कामं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

छप्पर पत्र्याचं, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरतं. माझ्या थोरल्या भावाने लग्नाच्या आधी घातलेलं. भाऊ गेला, पत्रे राहिले, आणि आता तेही जायला निघाले होते. एकदा मशीनवर ठेवलेल्या पांढऱ्या झग्यावर गंजाचं पाणी ठिबकलं. वहिनींनी पदरचं कापड घालून नवा झगा शिवून दिला आणि गिऱ्हाइकाला काही कळू दिलं नाही. पण तेव्हापासून त्यांची नजर सारखी वर. बोलताना वर, सुई ओवतानाही वर, त्यामुळे सुई काही ओवली जायची नाही.

नुसत्या गळतीचा प्रश्न असता तर बादल्यांवर निभावलं असतं. परगावी नोकरी करणारा त्यांचा मुलगा दर रविवारी फोनवर एकच पालुपद लावायचा, घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. घर घेणारा माणूसही त्याने हेरून ठेवला होता. शेवटी वैतागून वहिनी कबूल झाल्या, साठवलेल्या पैशांत छप्पर झालं तर राहीन, नाही झालं तर घर विकीन, कर्ज मात्र काढणार नाही. बोलून गेल्या आणि मग जिवाला घोर लावून घेतला. शिवणकाम सोडून कुणाच्या घरी नुसतं बसून राहायचं, ही कल्पनाच त्यांना सोसायची नाही.

जमिनीच्या मापाला पत्र्याचा भाव लावला, मजुरी अंदाजाने धरली, तर आकडा साठवणीत चक्क बसला. वहिनी खुशीत आल्या, मला चहाबरोबर बिस्किटंही मिळाली. मग मिस्त्री आला. त्याने घराला बाहेरून फेरी मारली, शिडी लावून वर डोकावला आणि आपला आकडा सांगितला. वहिनींच्या तोंडचं पाणीच पळालं. नुसते पत्रेच त्यांच्या हिशेबाच्या दीडपट. एकटी बाई बघून चढवून सांगताय, असं त्या त्याला तोंडावर बोलल्या. मिस्त्रीने शिडी खांद्यावर टाकली आणि तो चालता झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. आभाळ जरा भरून आलं की वहिनी हातातलं काम टाकून तयार कपडे पलंगाखाली सारायच्या. माझ्यावर उगाच खेकसायच्या. दुसऱ्या एका मिस्त्रीने सांगितलेला आकडा तर पहिल्यापेक्षाही वरचा निघाला.

एका दुपारी गेलो तर त्या टेबलापाशी बसल्या होत्या. कापड बेतण्याआधी वर्तमानपत्राचा नमुना कापायची त्यांची पद्धत. तसा त्यांनी छपराचा नमुना कापला होता, आपल्याच मापाने, लहान करून. बुटाच्या खोक्याचं घर केलं होतं, दोन बाजूंना पुठ्ठ्याचे त्रिकोण उभे केले होते. त्यावर त्यांनी कागद मधे दुमडून ठेवला. तो दोन्हीकडच्या भिंतींपर्यंत पोचेना.

"भाऊजी, घेरदार झगा मी कधी कमरेच्या मापावर बेतलाय का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. उताराला कापड जास्त लागतं, भिंतीबाहेर पाणी पडावं म्हणून छप्पर पुढे काढावं लागतं, आणि शिवणीत आत माया, म्हणजे जादा कापड, सोडतो तसा पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, हे त्या बोटाने दाखवत गेल्या. दाखवता दाखवता बोट थांबलं. मिस्त्री खरा होता, म्हणजे त्याचा आकडाही खरा होता. वहिनींचा चेहरा इतका उतरला की मला थट्टाही सुचेना.

पहिल्या मिस्त्रीकडे त्या स्वतः गेल्या आणि माफी मागून त्याला घेऊन आल्या. माणूस सरळ होता. त्याने आणखी एक सांगून टाकलं. पत्र्याखालचे लाकडी वासे कितपत कुजलेत ते पत्रे काढल्यावरच कळणार, तो खर्च वेगळा. या वेळी वहिनी भांडल्या नाहीत. जुना कोट दुरुस्तीला आला की त्याही अस्तर उसवल्याशिवाय पैसे सांगत नाहीत. फक्त म्हणाल्या, प्रत्येक खोलीवरचा एकेक पत्रा आजच काढून बघा.

तो वर चढला, आम्ही खाली माना वर करून उभे. पुढच्या खोलीवरचे वासे ठणठणीत निघाले, स्वयंपाकघरावरचेही. मागच्या खोलीवर त्याने पटाशी टोचली ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली.

मागची खोली मुलाची. त्याची खाट, अभ्यासाचं टेबल, सगळं होतं तसं ठेवलेलं. तो वर्षातून एकदा सकाळी यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा, पण खाटेवरची चादर वहिनी नेमाने बदलायच्या. त्या दारात उभ्या राहून वरच्या भोकातून दिसणारं आभाळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ही खोली पाडून दोनच खोल्यांवर छप्पर घातलं तर? मिस्त्रीने हिशेब केला. पैसे जेमतेम पुरत होते. मी म्हणालो, वहिनी, घाई नको, विचार करा.

"विचार करत बसले तर विकून मोकळी होईन," त्या म्हणाल्या.

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मिस्त्री पुढच्या खोलीवर पत्रे ठोकत होता. वहिनींनी मुलाला सगळं सांगितलं, मागच्या खोलीचंही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं पण आई, मी आलो की झोपायचं कुठे?"

"पुढच्या खोलीत," वहिनी म्हणाल्या. "पाहुण्यांना घालतो तिथे अंथरूण घालीन."

फोन ठेवून त्या रडल्या, अगदी हुंदके देऊन. मी पाणी आणून दिलं ते तसंच राहिलं. थोड्या वेळाने तोंड धुऊन त्या बाहेर गेल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, मागची भिंत उद्या सकाळीच पाडायला घ्या.