शेततळ्याचा कागद

पाणी न अडवणारी भिंत ही गोष्ट आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही. समजावून समजावून माझा घसा बसला. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पर्यावरण शिकवते, तेव्हा एकच गोष्ट दहा वेळा सांगायची सवय आहे मला. पण त्या कामात माझं डोकं जे फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

शहराबाहेर क्रोमचा मुलामा चढवणारा एक कारखाना होता. मालक टाळं लावून निघून गेला आणि क्रोमचं पिवळं विषारी पाणी जमिनीत मुरलेलं तसंच राहिलं. ते जमिनीखालून उताराच्या बाजूला, ओढ्याकडे सरकत होतं. उपाय मीच सुचवला होता. कारखाना आणि ओढा यांच्या मध्ये आडवा चर खणायचा, मुरूम संपून काळा पाषाण लागेपर्यंत, आणि तो लेथवरचा लोखंडी चुरा आणि वाळू घालून भरायचा. जमिनीच्या पोटातली ही भिंत. पाणी तिच्यातून आरपार जातं, जाताना क्रोम लोखंडापाशी अडकतो आणि पलीकडे बरं पाणी निघतं. चहाच्या गाळणीसारखंच हे. गाळणीची भोकं बुजवली तर चहा काठावरून सांडणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

काम करून घेणाऱ्या सरकारी साहेबांना मी हे प्रत्येक बैठकीत सांगितलं. ते मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, "म्हणजे मॅडम, पाणी पलीकडे जाणारच? मग भिंत कशाला?" एकदा तर मी घरून गाळणीच घेऊन गेले. ते हसले आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

चर खणला जात होता तेव्हा मी रोज जात होते. भरायची वेळ आली आणि कॉलेजात परीक्षा लागल्या, मला हलता येईना. नंतर गेले तर वर माती ओढून सगळं सपाट झालेलं. साहेब खुशीत होते. "एक थेंब पलीकडे जाणार नाही, मॅडम." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल त्यांची.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, त्याच शिवारात राहते. तिची विहीर चराच्या टोकापलीकडे, एका बाजूला आहे. पिवळ्या पाण्याच्या वाटेत ती कधीच नव्हती. चर खणण्याआधी मी स्वतः तपासून खात्री केली होती. त्या एका विहिरीवर तिची कोथिंबीर, दोन म्हशी आणि तिचं स्वतःचं पिणं. पावसाळा सरला आणि एका सकाळी तिचा फोन आला. "अगं, विहिरीचं पानी पिवळं दिसतंय. म्हशी तोंड लावीनात."

मी पाणी तपासून घेतलं. क्रोम होता, चांगलाच होता. तशीच दोन माणसं घेऊन चरावर गेले आणि ओढ्याकडची कड उकरायला लावली. हातभर खाली काळंभोर प्लास्टिक लागलं. आमच्याकडे द्राक्षवाले शेततळ्यात अंथरतात तो कागद. म्हणायला कागद, पण फाडू म्हटलं तरी फाटत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मशीननं जोड मारून, एक सुरकुती न ठेवता लावलेला. पाणी भिंतीशी येऊन तुंबत होतं आणि तुंबलेलं पाणी चराला वळसा घालून आत्याच्या विहिरीत उतरत होतं. मला रडूबिडू आलं नाही. कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी असं वाटलं.

साहेबांनी तर कौतुकाची अपेक्षा केली होती. "माझं स्वतःचं शेततळं आहे, मॅडम. कागदाशिवाय पाणी थांबतं का कुठं?" मग त्यांनी तपासणीचा रिपोर्ट दाखवला. भिंतीपलीकडे पाणी तपासायला एक नळी पुरली होती, तिच्यातलं पाणी स्वच्छ, क्रोम शून्य. असणारच शून्य! कागदामुळे कारखान्याकडचं पाणी तिथं पोचतच नव्हतं, नळीत नुसतं वरून पडलेलं पावसाचं पाणी साचलं होतं. आणि या शून्याच्या जोरावर काम फत्ते झाल्याचं वर कळवूनही झालं होतं.

मी त्यांना ओढतच आत्याच्या रानात नेलं. त्यांनी विहिरीत वाकून बघितलं, मग कोथिंबिरीकडे वळून म्हणाले, "भाजी तर झकास आहे. मार्केटला कोण विचारतंय?" आत्यानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रॅक्टर बोलावला आणि काढणीला आलेल्या कोथिंबिरीवर रोटाव्हेटर फिरवला. सगळ्या शिवारात वास सुटला होता. गंगापूर रोडला माझ्या दारात येणारी भाजी कुठल्या पाण्याची, हे मी आता रोज विचारते आणि भाजीवाली वैतागते.

कागद काढून घ्यायला मला ज्याच्या त्याच्याशी भांडावं लागलं, पण अखेर निघाला. पाणी चुऱ्यातून वाहू लागलं. त्यानंतर थोड्या दिवसांनी मी आत्याच्या अंगणात बसले होते, तेव्हा साहेबांचा फोन आला.

"मॅडम, नळीत क्रोम आला. थोडाच आहे, पण आधी शून्य होता. तुम्ही कागद काढला आणि आमचा रिपोर्ट बिघडला. वरून विचारतायत, परत टाकायचा का?"

माझा तोलच गेला. नळीभोवतीच्या मातीत जुना क्रोम आहे, आता पाणी वाहायला लागलंय, तो धुऊन निघेपर्यंत थोडा येणारच, हे मी ओरडून सांगितलं. "आणि तुमची नळी कुणी पितं का हो? इथं माणूस पीत होतं!"

आत्या दूरच्या हातपंपावरून पाणी घेऊन येत होती. तिनं कळशी ओट्यावर ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"त्याच्यावर काय वरडती?" ती म्हणाली. "त्यानं कागद टाकला, तू भिंत घातली. तुमी दोघं यायच्या आधी माझी विहीर चांगली व्हती."

फोन माझ्या हातात तसाच होता आणि साहेब पलीकडून विचारत होते, टाकायचा का.